प्रमाणपत्राचा संकोच कशासाठी?

बारावीचा निकाल लागला की घरोघरी महाविद्यालयीन प्रवेशाची लगबग सुरू होते. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवासाचे प्रमाणपत्र अशी फाईल वडीलधारी मंडळी स्वतः लक्ष घालून सिद्ध करतात. मात्र ज्या घरातील मुलाला कमी ऐकू येते, मुलीची दृष्टी अधू आहे किंवा वाचन-लेखनात विशिष्ट अडचण आहे, त्या घराच्या फाईलमध्ये एक कागद पुष्कळदा नसतो. तो म्हणजे दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र. अनेकदा तो काढायचाच नाही, असे घरात ठरलेले असते.

‘उद्या स्थळे येतील तेव्हा काय सांगायचे?’ हा त्यामागचा पहिला प्रश्न. ‘शेवटी पेढीवरच बसायचे आहे, मग कागद कशाला?’ हा दुसरा. आई-वडिलांची ही भीती समजण्यासारखी आहे; परंतु तिची किंमत मूल मोजते. उत्तर ठाऊक असूनही तीन तासांत पेपर पुरा होत नाही आणि ‘अभ्यास करीत नाही’ हा शिक्का मात्र कायमचा बसतो.

काही घरांत ‘ज्ञानावरणीय कर्माचा उदय’ म्हणून विषय संपविला जातो. पण कर्मसिद्धान्त हातावर हात ठेवून बसण्यास सांगत नाही. क्षयोपशमासाठी पुरुषार्थ हवा, हीच आपली शिकवण आहे. शिवाय दुसऱ्याच्या ज्ञानप्राप्तीत अंतराय आणणे हे ज्ञानावरणीय कर्माच्या बंधाचे एक कारण तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहे. लोकलज्जेपोटी मुलाच्या शिक्षणातील साहाय्य रोखणारे आपण कोणत्या बाजूला उभे असतो, याचा विचार प्रत्येक पालकाने करावा.

कायद्याने काय दिले आहे, तेही नीट पाहू. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 मध्ये 21 प्रकारची दिव्यांगत्वे मान्य आहेत. अंधत्व, श्रवणदोष, अस्थिदोष यांबरोबरच विशिष्ट अध्ययन अक्षमता, स्वमग्नता, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांचाही त्यांत समावेश आहे. दिव्यांगत्व 40 टक्के किंवा अधिक असल्यास शासकीय व अनुदानित उच्च शिक्षण संस्थांत किमान 5 टक्के जागा राखीव असतात. लेखनात अडथळा असणाऱ्या अशा विद्यार्थ्यास लेखनिक मिळतो, तसेच ताशी किमान 20 मिनिटे, म्हणजे तीन तासांच्या पेपरास एक तास, अधिक वेळ मिळतो. लेखनिक न घेणाऱ्यासही हा वेळ मिळू शकतो.

प्रमाण 40 टक्क्यांहून कमी असले तरी दार बंद होत नाही. लेखनिक मिळण्यासाठी 40 टक्क्यांची अट आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2021 मध्ये विकास कुमार प्रकरणात दिला. त्यानंतर ऑगस्ट 2022 मध्ये केंद्र शासनाने अशा परीक्षार्थींसाठी स्वतंत्र मार्गदर्शक सूचना काढल्या.

यासाठी आधार लागतो तो वैद्यकीय कागदाचा. खाजगी समुपदेशकाचा अहवाल अडचण समजून घेण्यास उपयोगी पडतो. परंतु प्रमाणपत्र देण्याचा अधिकार शासनाने अधिसूचित केलेल्या वैद्यकीय प्राधिकरणालाच आहे. स्वावलंबन या संकेतस्थळावर अर्ज करून नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणीस जावे लागते. त्यानंतर प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मिळते. तपासणीला जाताना जुने अहवाल, शाळेचे शेरे आणि मुलाच्या वह्या जवळ ठेवाव्यात.

अध्ययन अक्षमतेच्या बाबतीत एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. लहानपणी काढलेले प्रमाणपत्र पुरेसे नसते. चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुनर्तपासणी करावी लागते. अठराव्या वर्षी मिळालेले प्रमाणपत्र आजीवन चालते. नेमके हेच वय महाविद्यालयात पाऊल ठेवण्याचे असल्याने शाळेचा जुना कागद पुढे करून अनेकांची पंचाईत होते.

शाळेत शिक्षिका स्वतःहून मुलाकडे लक्ष देते. महाविद्यालयात विद्यार्थ्यालाच मागणी करावी लागते. प्रवेश झाल्यावर समान संधी कक्षाकडे, तो नसल्यास प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. प्रवेश परीक्षा व सी.ए.च्या परीक्षेसाठी त्या-त्या संस्थेकडे मुदतीत वेगळा अर्ज करावा. नोव्हेंबर 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर नीट परीक्षेतील एका विद्यार्थिनीचे प्रकरण होते. लेखनदोषाचे प्रमाणपत्र असूनही केंद्रावर तिला वाढीव तास दिला गेला नव्हता. न्यायालयाने तिच्या हक्काची पायमल्ली झाल्याचे मान्य केले. परीक्षा मात्र पुन्हा घेतली गेली नाही. म्हणून प्रवेशपत्र हाती येताच त्यावर सवलतीची नोंद आहे ना, हे पाहावे आणि मूळ प्रमाणपत्र केंद्रावर सोबत न्यावे.

तोंडी व्यवहाराचा भरवसा धरू नये, हे व्यापारी घरांना कोणी शिकवावे लागत नाही. तीच दक्षता येथे हवी. आणि अर्जावर सही करण्यापूर्वी मुलालाही जवळ बसवून सारे समजावून सांगावे. तो आता अठरा वर्षांचा होत आहे. आपली अडचण आपल्या शब्दांत मांडण्याचे धैर्य त्याला घरातूनच मिळाले पाहिजे.