नक्षी कागदावर काढतो, मग धंदा का नाही?

जॅकार्डवर साडीचा काठ विणायचा असेल, तर आपला कारागीर एकदम मागाला हात लावत नाही. तो आधी ग्राफच्या कागदावर नक्षी काढतो. उभी रांग म्हणजे ताणा, आडवी रांग म्हणजे बाणा. चूक झाली तर ती कागदावरच दिसते, रबराने खोडता येते, सूत वाया जात नाही. हा हुनर आपल्या घराघरांत आहे. पण वीतभर काठासाठी जी काळजी आपण घेतो, ती लाखांच्या उलाढालीसाठी घेत नाही. धंदा सगळा डोक्यात, आणि डोक्यात रबर चालत नाही.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मालेगावात माग चालवणारा माझा पुतण्या एका संध्याकाळी पेढीवर आला. म्हणाला, "चाचा, माल विकला जातो, वहीत नफाही दिसतो, पण सूतवाल्याला द्यायला पैसे नसतात. आणखी चार माग टाकले तर भागेल. घर गहाण ठेवायचा विचार आहे."

मी त्याला सल्ला दिला नाही. बिलाच्या मागचा कोरा कागद दिला आणि म्हटले, "तुझा एक रुपया घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत कुठे कुठे थांबतो, तेवढे काढ."

त्याने रेघ ओढली आणि त्यावर मुक्काम मांडले. सायझिंग आणि विणकाम, २० दिवस. ट्रकभर गठ्ठे जमेपर्यंत कोरे कापड गोदामात, २५ दिवस. माल गेल्यावर वसुली, ६० दिवस. एकूण १०५ दिवस. सूतवाला मात्र ७ दिवसांत पैसे मागणार. म्हणजे ९८ दिवस त्याचा पैसा रस्त्यावर. रोज सरासरी १० हजारांचे सूत लागत होते, तेव्हा ९ लाख ८० हजार रुपये वाटेतच अडकलेले!

मग मी विचारले, "हे कशासारखे दिसते?" तो बराच वेळ कागदाकडे पाहत राहिला. म्हणाला, "चाचा, हा तर गळका पाट आहे. विहिरीला पाणी आहे, पण शेतापर्यंत पोहोचत नाही."

मी म्हटले, "मग चार माग टाकून काय होईल?"

"शेत वाढेल, गळती तशीच राहील."

घर तिथेच वाचले. त्याने शेजारच्या दोन कारखानदारांबरोबर मिळून ट्रक भरायला सुरुवात केली, गोदामाचे २५ दिवस ८ वर आले. निम्म्या मालावर दोन टक्के सूट देऊन ३० दिवसांत पैसे घेतले, म्हणजे वसुलीची सरासरी ४५ दिवस झाली. ९८ दिवसांचे ६६ झाले. ३ लाख २० हजार रुपये मोकळे झाले, तेही कर्ज न काढता. सूट गेली हे खरे, पण व्याज आणि रात्रीची झोप यांचाही हिशेब धरायला हवा.

कोणी म्हणेल, ही पोरांची चित्रकला. तर मग जपानकडे पाहा. साकिची टोयोडा हा आपल्याच धंद्यातला, माग बनवणारा माणूस. त्याच्या १९२४ सालच्या मागात कांडी संपली की माग न थांबता धोटा आपोआप बदले, आणि ताण्याची तार तुटली की माग आपोआप थांबे. खराब कापड पुढे जातच नसे. या घराण्याने पुढे टोयोटा मोटारींचा कारखाना काढला. त्यांच्या कापड गिरणीत काम केलेला ताइची ओनो १९४३ साली मोटारींकडे आला. त्याने मोटारीच्या कारखान्याकडे मागासारखे पाहिले. दोष दिसला की काम थांबवा, दोष काढा, मग पुढे जा. दुसरी उपमा त्याने अमेरिकेतल्या मोठ्या दुकानांवरून घेतली. तिथे फळीवरून गिऱ्हाइकाने जेवढा माल उचलला तेवढाच पुन्हा भरतात. मग पुढच्या खात्याने जेवढे सुटे भाग उचलले, तेवढेच मागच्या खात्याने बनवायचे. निरोपाला एक साधे कार्ड. त्यालाच ते कानबान म्हणतात. माग आणि दुकान, दोन्ही आपल्या रोजच्या पाहण्यातल्या वस्तू. फरक एवढाच की त्यांनी विचारले, "हे कशासारखे आहे?"

पण एक इशारा द्यायला हवा. उपमा म्हणजे उसना अंगरखा, घालण्यापूर्वी माप बघावे लागते. तार तुटली की माग थांबवा, हे जपानी बोल जसेच्या तसे आपल्याकडे आणाल तर काय होईल? आपल्या मजुराला मीटरवर मजुरी मिळते. माग थांबला की त्याच्या मुलांचा घास कमी होतो, म्हणून तो तुटलेल्या तारेकडे काणाडोळा करतो. दोष त्याच्या नजरेत नाही, आपल्या मजुरीच्या पद्धतीत आहे. आधी बिनदोष कापडाला जास्त दर द्या, मग जपानची गोष्ट सांगा. उपमा कुठे जुळते हे बघावेच, पण कुठे जुळत नाही हे बघणे जास्त फायद्याचे. पुष्कळदा खरा रोग तिथेच सापडतो.

शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी एक तास काढा. जो प्रश्न सर्वात जास्त सतावतो तो कागदावर काढा, शब्दांत नव्हे, रेघांत. प्रत्येक मुक्कामावर दिवस आणि रुपये लिहा. मग तो कागद घरातल्या शाळकरी मुलाला किंवा मुलीला दाखवून विचारा, हे कशासारखे दिसते? उत्तर ऐकून हसू नका. गळका पाट त्यांना आपल्याआधी दिसेल.