थंडी पडण्याआधी अंगणवाडीचा निर्णय घ्या

प्रति,
महिला व बालकल्याण विभाग, जिल्हा परिषद, परभणी;
बालविकास प्रकल्प अधिकारी, पाथरी;
नगर परिषद, पाथरी;
आणि तालुक्यातले सर्व सरपंच



मराठवाडा म्हटलं की बाहेरच्यांना उन्हाळाच आठवतो. आपल्या जिल्ह्याची थंडी आपल्यालाच ठाऊक. परभणीच्या कृषी विद्यापीठातल्या हवामान केंद्रावर डिसेंबर 2018 च्या अखेरीस पारा 3 अंशांपर्यंत उतरला होता. डिसेंबर 2024 मध्येही तो 5 अंशांच्या खाली गेला. अशा सकाळी तीन-चार वर्षांचं लेकरू शहाबादी फरशीवर, वर पत्रे असलेल्या अंगणवाडीच्या खोलीत बसतं. पायात मोजे नसतात, अंगात मोठ्या भावंडाचा उसवलेला स्वेटर असतो.

मग ऊब कशी करायची? सेविकाताई आणि मदतनीसताई घरी जे करतात तेच इथे करणार. पऱ्हाट्या-तुराट्या पेटवायच्या, धूर ओसरला की निखारे घमेल्यात घेऊन आत ठेवायचे आणि गार वारा येऊ नये म्हणून दार लोटून घ्यायचं. यामागे माया आहे, निष्काळजीपणा नाही. म्हणूनच हे पत्र त्यांना नाही, तुम्हाला लिहितो आहे. लेकरांना ऊब कशी द्यायची हा निर्णय आजवर त्यांच्या एकट्यांच्या अंगावर सोडला गेला आहे. तो तुम्ही घ्यायला हवा, आणि थंडी पडायच्या आत घ्यायला हवा.

पहिली गोष्ट निखाऱ्यांची. धूर गेला म्हणजे धोका गेला, असा आपल्याकडे पक्का समज आहे. प्रत्यक्षात लाल निखारा बंद खोलीत धुराइतकाच, किंबहुना जास्त घातक ठरतो. हवा अपुरी पडली की कोळसा अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साईड बाहेर पडतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट ओढीने या वायूला धरतं, त्यामुळे श्वास चालू असतानाही शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. धुराने निदान खोकला येतो, डोळे चुरचुरतात आणि माणूस उठून बाहेर जातो. इथे फक्त डोकं जड होतं, मळमळतं आणि झोप येते. मोठं माणूस डोकं दुखतंय म्हणून सांगेल तरी. तीन वर्षांचं पोर पेंगायला लागलं, तर उबेने छान झोप लागली असंच आपल्याला वाटणार. लहान मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद चालतो, त्यामुळे त्याच खोलीतला तोच वायू त्यांना लवकर बाधतो. उत्तर भारतात दर हिवाळ्यात बंद खोलीत शेगडी ठेवून झोपलेली कुटुंबं सकाळी मृत सापडल्याच्या बातम्या येतात. त्या वाचून हळहळण्यापलीकडे आपण काही शिकलेलो नाही.

दुसरी गोष्ट विजेच्या हीटरची. गावातला एखादा दानशूर माणूस उद्या अंगणवाडीला हीटर भेट देईल, फोटो निघेल, सगळ्यांना बरं वाटेल. पण 2000 वॅटचा हीटर जवळपास 9 अँपिअर वीज ओढतो, आणि आपल्या बहुतेक खोल्यांत असतो तो पंखा-मोबाइलसाठीचा लहान प्लग. त्यात कन्व्हर्टर पिन खोचून हीटर लावला की वायर तापते, सॉकेट वितळतं. अर्थिंग आहे का, हे कोणी तपासलेलं नसतं. लालभडक कॉइलच्या हीटरसमोर सतरंजी, ओढणी, कागदी पताका आणि धावणारी पंधरा-वीस पोरं असली, तर काय होईल हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. पाणी कोमट करायला बादलीत सोडलेला रॉड तर लेकरांच्या आसपास नकोच. पाणी गॅसवर तापवावं आणि विसावण घालून वापरावं.

इथे भंडाऱ्याची आठवण करून देणं मला भाग आहे. 9 जानेवारी 2021 च्या पहाटे भंडारा जिल्हा सामान्य रुग्णालयाच्या नवजात कक्षाला आग लागली. कक्षात 17 बाळं होती. सात वाचली, दहा गेली. बाळांना ऊब देणाऱ्या वॉर्मरमध्येच ठिणगी पडली, असं शासनाच्या चौकशीतून पुढे आलं. डॉक्टर-परिचारिका असलेल्या सरकारी रुग्णालयात हे घडलं. आपल्या अंगणवाडीत एक सेविका असते, एक मदतनीस असते, आणि बहुतेक ठिकाणी दार एकच असतं.

मग करायचं काय? पाथरीची थंडी काश्मीरची नाही. कडाका असतो काही आठवड्यांचा आणि तोही सकाळच्या काही तासांचा. दहा-साडेदहाला ऊन अंगाला लागतं, अकरानंतर स्वेटर काढावासा वाटतो. म्हणजे आपल्याला खोली तापवायचीच नाही, लेकरू उबदार ठेवायचं आहे. हा फरक एकदा मान्य केला की बरेचसे उपाय स्वस्त होतात. थंडीच्या लाटेत अंगणवाडीची वेळ उशिरा करा. यासाठी एक आदेश लागतो, पैसा लागत नाही. पहिला तास अंगणातल्या कोवळ्या उन्हात, ओट्यावर घ्या. गाणी-गोष्टी उन्हातही होतात. फरशीवर नुसती सतरंजी न टाकता खाली जाड चटई आणि वर गोधड्या घाला. आपल्या बचत गटांतल्या बायका उत्तम गोधड्या शिवतात, त्यांना हे काम द्या. फुटलेल्या काचा आणि पत्र्याच्या फटी बुजवा, मात्र वरची एक झडप हवेसाठी उघडी राहू द्या. प्रत्येक लेकराला कानटोपी आणि मोजे द्या. गरम ताजा आहार मुलं आल्यावर लवकर वाढला तर पोटातूनच ऊब येते. तो शिजवताना सिलिंडर मुलांच्या खोलीत नसावा, आणि गॅसच्या शेगडीवर खोली तापवणं तर कधीच नको.

तान्ह्या बाळांचा प्रश्न मात्र वेगळा आहे. पाळणाघर जोडलेलं असेल तिथे सहा महिन्यांचं मूल दिवसाही झोपतं, त्याला उन्हात बसवून भागत नाही. तिथे हीटर लागला, तर तेलाचा बंदिस्त रेडिएटर घ्या. त्याची कॉइल उघडी नसते, पण पत्रा तापतो, म्हणून भोवती पक्का कठडा हवा. आधी पंधरा अँपिअरचा पॉवर प्लग, स्वतंत्र वायर, चांगलं अर्थिंग आणि विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच बसवा, विद्युत निरीक्षकाकडून किंवा परवानाधारक ठेकेदाराकडून लेखी तपासणी करून घ्या, हीटर त्यानंतर आणा. हा क्रम उलटा झाला तर हीटर न आणलेला बरा.

आणखी एका ठिकाणी तुमची नजर जायला हवी. ऐन थंडीत आपल्या भागात उसाचा हंगाम असतो. टोळ्या पहाटे फडात जातात आणि लेकरं कोप्यांत राहतात. पाचटाच्या कोपीत चूल आणि शेकोटी जवळजवळच पेटलेली असते. ही मुलंही तुमच्याच यादीत यायला हवीत. त्यांना जवळच्या अंगणवाडीत आणायचं, तर ती अंगणवाडी कोपीपेक्षा उबदार आणि सुरक्षित असायला हवी, नाहीतर आई पाठवणार नाही आणि तिचं बरोबरच असेल.

पैशाचं कारण मला पटत नाही. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातले 10 टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. गोधड्या, कानटोप्या, काचा आणि एक वायरिंग यांचा खर्च त्यात बसू शकतो. एकात्मिक बाल विकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 ला सुरू झाली. इतक्या वर्षांत आहार, वजन, लसीकरण या प्रत्येकाची नोंदवही झाली. हिवाळ्यातल्या उबेसाठी एका पानाची लेखी सूचनाही नसावी, हे मला मान्य नाही.

म्हणून विनंती अशी की, दिवाळीच्या सुट्ट्या संपायच्या आत सूचना काढा: खोलीत निखारे, शेगडी, कॉइलचा हीटर नाही, किती अंशांना वेळ बदलायची ते ठरलेलं, वायरिंग तपासल्याची तारीख दारावर लिहिलेली. ती प्रत्येक सेविकाताईच्या हातात द्या आणि पर्यवेक्षिकेने पहिल्या कडाक्याच्या आठवड्यात प्रत्यक्ष जाऊन पाहावं. सरपंचांनी उद्याच आपल्या गावच्या अंगणवाडीत सकाळी आठ वाजता अनवाणी उभं राहून फरशी किती गार आहे ते पाहावं, आणि येत्या ग्रामसभेत हा खर्च मंजूर करून घ्यावा.

आपला,
पाथरीचा एक रहिवासी