वळलेली पावले

जन्मतः आत वळलेले बालकाचे पाऊल हा ग्रहणाचा दोष नसून बहुधा मोठ्या शस्त्रक्रियेवाचून सरळ होणारा विकार आहे, हे आयोवा विद्यापीठातील डॉ. इग्नासिओ पोन्सेटी यांनी विसाव्या शतकाच्या मध्यासच दाखवून दिले. दर आठवड्यास बदलावयाची पाच-सहा प्लास्टरे आणि बहुतेकदा टाचेमागील कंडरेस एक लहानसा छेद, एवढ्यावर काम भागते. खरी कसोटी त्यापुढची. तीन महिने दिवसाचे सुमारे २३ तास, व पुढे चौथ्या वर्षापर्यंत झोपेत, पट्टीने जोडलेले बूट घालावे लागतात, आणि त्यात कसूर झाली की पाऊल पुन्हा वळू लागते.

फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून आरंभिलेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाने हा विकार, तसाच खुब्याच्या सांध्याचा दोषही, आपल्या यादीत घेतला व अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी ठरविली, ही तजवीज प्रशंसनीयच होय. परंतु द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडच्या बागांत रोजंदारीस आलेल्या सुरगाण्याच्या मातेने दर आठवड्यास नाशिकचे इस्पितळ गाठावयाचे, तर तिची बुडणारी मजुरीही इलाजाच्या खर्चातच धरली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणूनच या अंकात शस्त्रक्रियेपेक्षा बुटांविषयी अधिक मजकूर आहे. कोणास तो रूक्ष वाटल्यास आमचा नाइलाज आहे.