पराणीला पन्नास रुपये, सुरीला पाच वर्षे!

दसरा उलटला की बीड, जालना, परभणी या भागांतून ऊसतोड कामगारांचे तांडे साखरपट्ट्याकडे निघतात. डोक्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, गाडीत लेकरेबाळे आणि गाडीला जुंपलेली बैलजोडी. पुढचे पाच-सहा महिने ही माणसे आणि हे बैल एकाच कोपीच्या आडोशाला राहतात, रात्री-अपरात्री उसाची गाडी कारखान्याच्या काट्यावर नेतात. एखाद्या कारखान्याच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहून पाहा. चढ आला की बैलांचे गुडघे वाकतात, जू मानेत रुतते, तोंडाला फेस येतो आणि मागून पराणीची आर टोचली जाते. खांद्याला सूज आलेली, कातडी सोललेली, तरी खेप चुकत नाही.

हे सर्व उघड्या रस्त्यावर चालते. पोलीस पाहतात, पुढारी पाहतात, गोमातेच्या नावाने रात्री ट्रक अडविणारेही पाहतात. त्यांच्यापैकी कोणालाही यात पाप दिसत नाही. म्हणूनच आम्हाला विचारावेसे वाटते की, या राज्यात जनावरांवर दया म्हणजे नेमके काय?

कायदा नाही, असे कोणी म्हणू नये. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० सालचा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये जनावराला मारणे, त्याच्यावर जादा ओझे लादणे, जखमी किंवा आजारी जनावराला कामाला जुंपणे हे गुन्हे ठरविले आहेत. १९६५ साली ओढकामाच्या व ओझ्याच्या जनावरांसाठी नियम झाले. लहान, मध्यम व मोठ्या बैलांच्या गाडीत किती किलो ओझे भरावे, हे त्यांत लिहिले आहे. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये, विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये, पारा ३७ अंशांच्या वर जातो तेथे दुपारी बारा ते तीन जनावर कामाला लावू नये, टोकदार काठी वापरू नये, असेही त्यांत आहे. बैलाला इतके संरक्षण कागदावर १९६५ सालीच मिळाले.

पण हा कायदा मोडला तर काय? नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने दुरुस्तीचा मसुदा लोकांपुढे ठेवला, तेव्हाही कलम ११ खालील पहिल्या गुन्ह्याचा जास्तीत जास्त दंड पन्नास रुपये होता! चहा-वडापावला जितके लागतात तितके. त्यातही या कलमातील बहुतेक गुन्हे अदखलपात्र, म्हणजे पोलीस वॉरंटाशिवाय अटक करू शकत नाहीत. असा कायदा मोडायला कोण भिणार?

आता दुसरा कायदा पाहा. गाईच्या कत्तलीला महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने आधीच बंदी होती. १९९५ साली विधिमंडळाने संमत केलेल्या दुरुस्तीला २०१५ साली राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली आणि बैल व वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. शिक्षा पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली. मात्र परराज्यातून आणलेले गोमांस बाळगणे हा गुन्हा ठरविणारे कलम आणि निर्दोषत्व सिद्ध करण्याचा बोजा आरोपीवर टाकणारे कलम न्यायालयाने रद्द केले.

म्हणजे तोच बैल. त्याला जिवंतपणी रोज आर टोचा, पन्नास रुपये. तो म्हातारा झाल्यावर विका आणि कोणी कापला, पाच वर्षे. दुष्काळात चारा नाही, कामाला येत नाही, गिऱ्हाईक नाही, अशा बैलाचे शेतकऱ्याने करायचे काय, याचे उत्तर या कायद्यात नाही. खाटिकाचा धंदा बसला, कातडे कमावणाऱ्यांच्या हातचे काम गेले, याचाही हिशेब कोणी मांडला नाही. बैलाच्या दुःखासाठी हा कायदा झाला असता तर पराणीचा दंड आधी वाढला असता. तो वाढला नाही, यातच सारे आले.

जनावराच्या नावाने माणसाला मारण्याची रीत आम्हाला नवी नाही. महाडच्या चवदार तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती, कुत्र्या-मांजरांना बंदी नव्हती, बंदी होती ती अस्पृश्य माणसाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले आणि त्याच परिषदेत आपल्या माणसांना मृत मांस खाणे सोडा, असे बजावले. गावचे मेलेले ढोर ओढण्याची सक्ती आमच्या बापजाद्यांवर होती. ते ओढायचे आम्ही आणि त्याला हात लावला म्हणून विटाळही आमचाच! १५ ऑक्टोबर २००२ रोजी हरियाणातील झज्जर जिल्ह्यात, दुलिना पोलीस चौकीपाशी पाच दलितांना जमावाने ठार मारले. आळ गाय मारल्याचा. ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधील उना तालुक्यात मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्या दलित तरुणांना गाडीला बांधून झोडपण्यात आले. तेव्हा गुजरातच्या दलितांनी सुरेंद्रनगरच्या जिल्हाधिकारी कार्यालयापुढे मेलेली जनावरे आणून टाकली आणि तुमची माता तुम्हीच उचला, असे व्यवस्थेला बजावले. त्या एका कृतीने साऱ्या ढोंगाचा बुरखा फाटला.

परंतु येथे आम्ही आपल्याच समाजाला एक गोष्ट सांगू इच्छितो. गोरक्षणाच्या गुंडगिरीचा राग यावा, तो रास्तच आहे. पण त्या रागापोटी 'जनावरांचे प्रश्न हा वरच्यांचा चोचला' असे म्हणून आपण बाजूला झालो, तर आपला वारसा आपणच दुसऱ्याच्या हाती देऊ. करुणा ही आमची आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात दिलेल्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती घेणाऱ्यांनी मरीआईपुढचा रेडा आणि बोकड सोडला, तो कोणत्या पोलिसाच्या धाकाने नव्हे.

दीघनिकायातील कूटदंत सुत्त आपल्या अभ्यास मंडळांतून वाचले पाहिजे. कूटदंत ब्राह्मणाने यज्ञासाठी शेकडो बैल, वासरे, बोकड बांधून ठेवले होते. तथागतांनी त्याला महाविजित राजाची गोष्ट सांगितली. शेतकऱ्याला बी-बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या, हा त्यातला आधीचा उपदेश. मग त्या राजाने जो यज्ञ केला त्यात एकही जनावर मारले गेले नाही आणि एकाही दासाला, मजुराला काठीच्या धाकाने, रडत-रडत राबावे लागले नाही. ही गोष्ट ऐकून कूटदंताने आपली जनावरे सोडून दिली. सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखातही खऱ्या मंगलकार्यात काय येते ते सांगताना दास-सेवकांशी नीट वागणे आणि प्राण्यांबाबत संयम ही दोन्ही एकाच दमात येतात. त्या लेखाचा एक तुकडा आपल्याच महाराष्ट्रात, सोपाऱ्याला सापडला आहे. जनावराची काठी आणि मजुराची काठी वेगळी नाही, हे आम्हाला अडीच हजार वर्षांपूर्वी कळले होते!

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांत फरक केला आहे. गरिबाच्या ताटातील मांसावर डोळा ठेवणाऱ्यांनी हा फरक समजून घ्यावा आणि नवसापायी बोकड कापायला पुन्हा जत्रेला जाऊ लागलेल्या आपल्यातल्या काहींनीही तो समजून घ्यावा. बैलगाडा शर्यतींचेही तसेच. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने जल्लिकट्टूबरोबर त्या थांबविल्या होत्या. महाराष्ट्राने २०१७ साली कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. न्यायालयाचा निर्णय आम्ही मानतो. पण बैलाला माता-पित्याच्या जागी मानणारे पुढारीच शर्यतीच्या घाटात बक्षिसे वाटताना दिसतात, तेव्हा ही कोणती भक्ती, असा प्रश्न पडल्याशिवाय राहत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. उसाच्या गाडीवर जादा ओझे भरणारा दोषी कोण? हातात पराणी असते ती ऊसतोड कामगाराच्या. कायदा उद्या कडक झाला आणि राबविणारे हेच राहिले, तर पकडला जाईल तोच. दंड त्यालाच, बैलही त्याचेच जप्त. उचल मात्र फिटलेली नसेल, म्हणजे पुढच्या हंगामाचीही गुलामी पक्की! जादा ओझे तो हौसेने भरत नाही. पैसे टनावर मिळतात, खेप हलकी नेली तर उचल फिटत नाही. बैलाच्या मानेवर बसलेले ओझे हे मुळात उचलीचे ओझे आहे. आणि त्याच्या बायकोचे काय? बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न इतका गंभीर झाला की २०१९ साली राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. बैलाला नियमात नऊ तास तरी आहेत, पहाटे फडात उतरणाऱ्या आणि मध्यरात्री गाडी भरणाऱ्या या बाईचे तास कोणी मोजले?

कायद्यात मात्र एक शब्द असा आहे की जो कोणी वाचीत नाही. कलम ११ जादा ओझे लादणाऱ्यालाच नव्हे, तर तसे करायला लावणाऱ्यालाही गुन्हेगार ठरविते. करायला कोण लावतो? ज्याच्या यंत्रात तो ऊस जातो तो. आणि पुरावा? तो कारखान्याच्याच दप्तरात आहे. प्रत्येक गाडी काट्यावर चढते, प्रत्येक गाडीचे वजन नोंदविले जाते, पावती फाडली जाते. १९६५ च्या नियमांतील आकडा आणि काट्यावरचा आकडा शेजारी ठेवला की गुन्हा किलोत मोजता येतो. त्यासाठी रात्री रस्त्यावर लाठ्या घेऊन फिरणारी टोळी लागत नाही. एक प्रामाणिक पशुवैद्यक आणि एक प्रामाणिक अधिकारी पुरेसा आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. कायद्याच्या मर्यादेपेक्षा जास्त वजनाची गाडी काट्यावर आली तर जबाबदार कारखाना धरावा आणि दंड मजुराच्या मजुरीतून कापता येणार नाही, अशी तजवीज करावी. खेप हलकी होईल तितका तोडणी-वाहतुकीचा दर वाढवावा. २००१ च्या नियमांनुसार प्रत्येक जिल्ह्यात प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटी असायला हवी. तिच्यात ऊसतोड कामगार, खाटिक, चर्मकार यांचे प्रतिनिधी घ्यावेत. तुमच्या जिल्ह्यात ती सोसायटी कोठे बसते आणि तिने गेल्या हंगामात किती गाड्या तपासल्या, हे आपल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात विचारावे. आणि कायदा राबवायचा तो सरकारने. जमावाच्या हिंसेबाबत १७ जुलै २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना दिलेल्या निर्देशांत प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमण्यास सांगितले आहे. तो अधिकारी कोण, हेही विचारावे.

प्राणिमात्रांविषयी भूतदया बाळगणे हे संविधानाच्या कलम ५१-क ने प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून सांगितले आहे. त्याच संविधानाच्या कलम २३ ने वेठबिगारीला बंदी केली आहे. ही दोन्ही कलमे कारखान्याच्या काट्यावर एकत्र वाचली पाहिजेत. तेथे जू बैलाच्या मानेवर दिसते आणि माणसाच्या मानेवरचे दिसत नाही, एवढाच फरक. या हंगामात गाड्या काट्यावर लागतील तेव्हा आपला कार्यकर्ता हातात नियमांचा कागद घेऊन तेथे उभा असला पाहिजे. बैलाचे ओझे उतरवायला आणि त्याच्या धन्याचेही.