पाण्याखाली दार उघडतं कसं?

नवेगावबांधच्या तलावात नाहीतर गावच्या विहिरीत कधी सूर मारलाय का? जरा खाली गेलं की कानांना दडे बसतात. तो पाण्याचा दाब. आपल्या राज्याचा समुद्र गोंदियापासून जवळजवळ हजार किलोमीटरवर, मुंबईला. पण दाबाचा नियम तलावाला नि समुद्राला एकच. दर १० मीटर खोलीला, चौरस सेंटिमीटरमागे साधारण एक किलो भार वाढतो. १०० मीटरवर अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेवर दहा किलो!

आता समजा, इतक्या खोलवर एक पाणबुडी बिघडून तळाला बसलीय. आत नौसैनिक जिवंत आहेत. दार उघडावं, तर बाहेरून टनावारी दाब. पोहत वर यावं, तर खोली वाढते तसा धोकाही वाढतो. आत हवा संपत चाललेली. खरं तर प्राणवायू संपण्याआधीच आपल्याच श्वासातला कार्बन डायऑक्साईड घात करतो. म्हणून अशा वेळी सगळ्यांनी गप पडून राहायचं असतं.

ऑगस्ट २००० मध्ये रशियाच्या ‘कुर्स्क’ पाणबुडीत स्फोट झाले. ती बुडाली अवघ्या १०८ मीटर पाण्यात. पाणबुडीची लांबी १५४ मीटर, म्हणजे उभी केली असती तर तिचं टोक पाण्याबाहेर आलं असतं! मागच्या भागात २३ जण स्फोटांतून वाचले होते. त्यांच्यातल्या एका अधिकाऱ्यानं अंधारात चाचपडत सगळ्यांची नावं कागदावर लिहून ठेवली. रशियाच्या बचाव पाणबुड्यांना दारावर नीट बसताच आलं नाही. नवव्या दिवशी नॉर्वेच्या गोताखोरांनी झाकण उघडलं, तेव्हा कुणीच जिवंत नव्हतं. एकूण ११८ जण गेले.

हे ‘दारावर बसणं’ म्हणजे काय? न्हाणीघरातल्या गुळगुळीत फरशीवर रबरी वाटी दाबून चिकटवतात ना, तसंच. बचाव पाणबुडीच्या पोटाखाली घंटेसारखा एक घेर असतो. तो बुडालेल्या पाणबुडीच्या झाकणावर बरोबर टेकवायचा आणि आतलं पाणी पंपानं उपसायचं. पाणी गेलं की बाहेरचा समुद्रच तो घेर घट्ट दाबून धरतो. घेर एक मीटर रुंदीचा धरला, तर १०० मीटर खोलीवर भार होतो सुमारे ७८ टन. तिरोड्याच्या वीज केंद्राकडे कोळसा नेणारी मालगाडी पाहिलीय ना? तिचा एक भरलेला डबा जवळपास तेवढ्याच वजनाचा! जो दाब जीव घेणार, तोच इथे खिळ्यासारखा कामी येतो. मग दोन्ही झाकणं उघडायची नि माणसं कोरडीच वर घ्यायची.

भारतीय नौदलात असं यान डिसेंबर २०१८ मध्ये मुंबईत दाखल झालं. नाव डीएसआरव्ही. ते ६५० मीटरपर्यंत जातं आणि एका खेपेला १४ जणांना आणतं. त्याआधी ऑक्टोबरात अरबी समुद्रात, सुमारे ३०० फुटांवर, खऱ्याखुऱ्या पाणबुडीतून माणसं काढून त्याची परीक्षा घेतली होती. दुसरं यान विशाखापट्टणमला असतं. गरज पडली तर ही यानं विमानातूनही नेता येतात, कारण इथे तासातासाचा हिशेब असतो.

वर आलेल्यांना लगेच मोकळ्या हवेत सोडता येतंच असं नाही. आतली हवा दाबाखाली असेल, तर रक्तात नायट्रोजन विरघळलेला असतो. सोड्याची बाटली फटकन उघडल्यावर बुडबुडे येतात, तसेच ते रक्तात येतील! म्हणून त्यांना दाबाच्या बंद खोलीत ठेवून दाब हळूहळू उतरवतात.

एप्रिल २०२१ मध्ये इंडोनेशियाची ‘नांगाला’ पाणबुडी हरवली, तेव्हा विशाखापट्टणमहून आपलं यान निघालं. पण ती सापडली ८०० मीटरहून खोल, तुकडे झालेली. ५३ जण होते. तिथे कुठलंच दार उघडायला उरलं नव्हतं.

या यानाला समुद्रात वाहून नेणारं खास जहाज १८ जुलै २०२५ ला विशाखापट्टणममध्ये नौदलात आलं. नाव आहे ‘निस्तार’. आपल्याकडे जंगलातल्या निस्तार हक्कांमुळे आजोबांना हा शब्द नक्की ठाऊक असेल. जहाजाच्या नावात मात्र त्याचा अर्थ सुटका, पार नेणं. त्याच सप्टेंबरात सिंगापूरजवळच्या सरावात ‘निस्तार’वरून उतरलेलं यान एका परदेशी पाणबुडीच्या दारावर अचूक बसलं.