कर्नाळ्याच्या हद्दीबाहेरचे पक्षी

पळस्पे फाटा मागे पडला की मुंबई-गोवा महामार्गावरून कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. कोकणात जाणाऱ्या जवळपास प्रत्येकाने तो पाहिलेला असतो. त्या मानाने पायथ्याशी गाडी थांबवून रानात शिरणारे थोडे. हिवाळ्यातल्या रविवारी मात्र उजाडायच्या आत प्रवेशद्वारापाशी गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसे जमू लागतात. कुणाला शामाचे गाणे ऐकायचे असते, कुणाला स्वर्गीय नर्तकाची लांब पांढरी शेपटी एकदा डोळ्यांनी पाहायची असते.

पनवेलपासून अवघ्या १२ किलोमीटरवर असे रान टिकून राहिले, ही साधी गोष्ट नाही. कर्नाळ्याला १९६८ मध्ये पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेव्हा त्याचे क्षेत्र जेमतेम साडेचार चौरस किलोमीटर होते. २००३ मध्ये ते १२.११ चौरस किलोमीटर झाले. एवढ्याशा जागेत दोनशेहून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद झाली आहे. एकीकडे महामार्गावरून अहोरात्र ट्रक धावतात, पलीकडे रसायनी आणि पाताळगंगेचा औद्योगिक पट्टा आहे आणि पनवेल तर दरवर्षी चहूकडे पसरते आहे. या वेढ्यात हे रान तग धरून आहे ते केवळ कायद्याने त्याला हद्द आखून दिली आणि वनखात्याने ती राखली म्हणून. आत जाताना सोबतच्या प्लास्टिकच्या बाटल्या मोजून अनामत घेतली जाते आणि परतताना त्या दाखवल्या की पैसे मिळतात. हा छोटासा नियमही इथल्या स्वच्छतेला मोठा हातभार लावतो.

कर्नाळ्याचे वैभव ऋतूंप्रमाणे बदलते. ऑक्टोबर सरला की उत्तरेकडून हिवाळी पाहुणे उतरतात. माशीमार आणि कस्तूर कुळातले लहान पक्षी हिमालयातून, काही तर त्याही पलीकडून येतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत मुक्काम करतात. हरियाल आणि मोरटाका या दोन पायवाटांवर या दिवसांत भृंगराजाच्या नकला ऐकू येतात, उंच झाडांवर तांबट ठोके देत असतो आणि सुळक्याच्या बाजूला सर्पगरुड घिरट्या घालतो. मग मृगाच्या सुमारास मंडळी बदलते. रानातल्या ओढ्यांना पाणी येते आणि तिबोटी खंड्या अवतरतो. चिमणीपेक्षाही लहान असलेला हा पक्षी ओढ्याकाठच्या मातीच्या दरडीत बोगदा खणून घरटे करतो आणि पिलांना सापसुरळ्या, बेडूक, खेकडे भरवतो. नवरंगही याच दिवसांत कोकणातल्या रानांमध्ये वीण घालायला येतो. पहिल्या सरींनंतर शीळकरी कस्तूर गळा मोकळा करतो, तेव्हा ओढ्याच्या खळखळाटावर मात करणारी त्याची शीळ दूरवर पोहोचते.

हे सगळे जपले गेले याचा अभिमान रास्तच आहे. अडचण पुढे सुरू होते. पनवेलचे पक्षी म्हणजे कर्नाळ्याचे पक्षी, आणि ते वनखात्याच्या हवाली केले की आपली जबाबदारी संपली, अशी समजूत या शहराने करून घेतली आहे. कर्नाळा हे डोंगरउतारावरचे रान आहे, तिथे राहतात ते रानपक्षी. पाण्यावर जगणाऱ्या पक्ष्यांचे काय? त्यांचे पनवेल वेगळे आहे. ते गाढी नदीवर आहे, गाढेश्वरच्या देहरंग धरणावर आहे, शहरातल्या जुन्या तलावांत आहे आणि खाडीलगतच्या खाजणांत आहे. यातल्या बहुतेक जागांवर पक्ष्यांच्या नावाने कुणी एक खांबही रोवलेला नाही.

प्रबळगड-माथेरानच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी असलेले देहरंग धरण पनवेलची तहान भागवण्यासाठी बांधले गेले. पावसाळ्यात ते झटकन भरते आणि उन्हाळ्यात तळ दिसू लागतो. गाळ साचल्याने त्याची साठवणक्षमता घटली आहे, म्हणून गाळ काढण्याची मागणी वारंवार होते. पावसाळ्यात इथे पर्यटकांची झुंबड उडते, बुडण्याच्या दुर्घटना घडतात आणि मनाईहुकूम निघतात. धरणाविषयीची सगळी चर्चा पाणी, गाळ आणि गर्दी या तीन शब्दांत संपते. पण पाणी ओसरू लागले की अशा जलाशयांच्या काठी चिखलाचे आणि उथळ पाण्याचे जे पट्टे उघडे पडतात, त्यांवर हिवाळ्यात धोबी आणि तुतवार उतरतात, बगळे आणि वंचक टपून बसतात, बुडालेल्या झाडाच्या खोडावर पाणकावळे पंख वाळवतात. पाण्याच्या हिशेबात हा काठ निरुपयोगी ठरतो, पक्ष्यांचे मात्र अर्धे जगणे त्यावरच असते.

कायदा इथे अपुरा पडतो. केंद्र सरकारने २०१७ मध्ये पाणथळ जागांच्या संवर्धनाचे नियम केले. त्यांतून पिण्याच्या पाण्यासाठी मुद्दाम बांधलेले तलाव व जलाशय वगळले. सिंचन, मत्स्यपालन, मीठ उत्पादन आणि करमणूक यांसाठी बांधलेल्या जागाही वगळल्या. म्हणजे पाण्यावर शेकडो पक्षी असले, तरी ते पाणी माणसाने स्वतःच्या गरजेसाठी अडवलेले असेल तर या नियमांपुरते ते पाणथळच नाही. महाराष्ट्रात हे विशेष खटकते, कारण या राज्यातली पक्ष्यांची मोठमोठी ठिकाणे माणसाच्या हातूनच घडलेली आहेत. नाशिक जिल्ह्यात गोदावरी आणि कादवेच्या संगमावर शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सिंचनासाठी बंधारा बांधला गेला. मागे गाळ साचला, उथळ पाणी आणि पाणवनस्पती तयार झाल्या आणि त्यातून नांदूरमध्यमेश्वर उभे राहिले. १९८६ मध्ये ते अभयारण्य झाले आणि २०२० मध्ये महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. ज्या भिगवणला रोहित पक्षी पाहायला राज्यभरातून लोक जातात, ते उजनी धरणाचे फुगवट्याचे पाणी आहे. पैठणचे जायकवाडीसुद्धा धरणच आहे. धरण बांधले म्हणून पक्ष्यांचा हक्क उरत नाही, हा तर्क या तीन ठिकाणांनी कधीच खोटा पाडला आहे.

देहरंग म्हणजे काही उजनी नव्हे, हे खरेच. पण जागा लहान आहे म्हणून तिला संरक्षण मिळत नाही, असेही नाही. सिंधुदुर्गात आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात एक छोटा, नव्याने ओळखला गेलेला मासा राहतो. त्याच्यासाठी राज्य सरकारने २०२१ मध्ये ती दोन हेक्टरची जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. पनवेलच्या शेजारी नेरूळचे उदाहरण तर ताजे आहे. तिथल्या एका शाळेमागच्या तलावात भरतीचे पाणी येणे बंद झाले, २०२४ मध्ये तो कोरडा पडू लागला आणि रोहित पक्षी मरण पावले. नागरिकांनी पाठपुरावा सोडला नाही. एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने त्या ३० एकरांना संवर्धन राखीव क्षेत्र करण्यास मान्यता दिली. दोन्ही ठिकाणी आधी नोंद झाली, मग आग्रह धरला गेला आणि त्यानंतर कायदा हलला. हा क्रम पनवेलने नीट ध्यानात घ्यावा.

शहरातल्या तलावांबाबतही विचार करण्याची हीच वेळ आहे. पनवेलची नगरपालिका (आताची महापालिका) १८५२ची, राज्यातल्या सर्वांत जुन्यांपैकी एक. वडाळे, कृष्णाळे, देवाळे, विश्राळे ही तळी जुन्या पनवेलची ओळख आहेत. वडाळे तलावाचे सुशोभीकरण झाले आणि सकाळ-संध्याकाळ लोक तिथे फिरायला येऊ लागले, ही चांगलीच गोष्ट आहे. मात्र तलाव सुंदर करायचा म्हणजे चहूबाजूंनी दगडी भिंत बांधायची, पाण्यातल्या वनस्पती उपटायच्या आणि रात्रभर दिवे लावायचे, ही रूढ पद्धत राज्यात सगळीकडेच बदलायला हवी. कमळपक्षी पाण्यावर तरंगणाऱ्या पानांवर अंडी घालतो आणि ती उबवण्याचे काम नर करतो. पानेच नसतील तर घरटे कुठे करणार? टिबुकलीचे घरटे पाणवनस्पतींवर तरंगते. जांभळ्या पाणकोंबडीला लव्हाळे आणि पाणकणसाचा आडोसा लागतो. चिखलात चोच घालणाऱ्या पक्ष्यांना वीतभरही खोल पाणी चालत नाही, आणि उभ्या भिंतीच्या तलावात उथळ पाणी नसतेच. तलावाच्या तीन बाजू माणसांना द्याव्यात. चौथी बाजू उतरती, मातीची, गवताची आणि अंधारी ठेवावी. त्याला वेगळा निधी लागत नाही, उलट दगड आणि दिव्यांचा खर्च वाचतो.

या सगळ्याला विमानतळामुळे तातडी आली आहे. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरअखेर प्रवासी विमाने उडू लागली. ११६० हेक्टरांच्या या प्रकल्पासाठी उलव्याचा डोंगर कापला गेला आणि उलवे नदीचा प्रवाह वळवला गेला. विमान आणि पक्षी यांची टक्कर ही दोघांच्याही जिवावर बेतणारी गोष्ट आहे. २० मे २०२४ च्या रात्री घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाच्या धडकेने ३९ रोहित पक्षी मेले, ते मुंबईने पाहिले आहे. यावर काहींचा उपाय असा की आसपासच्या पाणथळ जागाच बुजवाव्यात. हा उपाय उलटण्याचीच शक्यता मोठी. भरतीला खाडीचा चिखल पाण्याखाली गेला की किनारपक्ष्यांना टेकायला कोरडी, उघडी, उंचवट्याची जागा लागते. उरणच्या पाणजेसारख्या पाणथळ जागा ती गरज भागवतात. त्या बुजवल्या तर थवे नवी मोकळी सपाट जमीन शोधतील, आणि विमानतळाइतकी मोकळी सपाट जमीन या परिसरात दुसरी नाही. पक्ष्यांना त्यांच्या जागी ठेवणे हेच प्रवाशांच्याही हिताचे आहे.

मग महापालिकेने काय करावे? पहिली गोष्ट नवी नाहीच, कायद्याने सांगितलेली आहे. २००२ च्या जैविक विविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची असते. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घालून दिली होती, त्यानंतर देशभर नोंदवह्यांची घाई उडाली. घाईत भरलेली नोंदवही कपाटात जाते. पनवेलची नोंदवही दरवर्षी भरली गेली पाहिजे, तिच्यात देहरंग धरण, शहरातले प्रत्येक तळे, गाढी आणि काळुंद्रे नद्यांचे काठ आणि खाडीचे पट्टे स्वतंत्रपणे आले पाहिजेत, आणि गाळ काढणे, सुशोभीकरण, पूल, रस्ता अशा कुठल्याही कामाची निविदा काढण्याआधी ती उघडून पाहणे बंधनकारक व्हायला हवे.

अशा नोंदींना किती मोल असते ते गिधाडांच्या कथेतून कळते. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ऐंशीच्या दशकात गिधाडांची घरटी मोजून ठेवलेली होती. नव्वदच्या दशकात बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे विभू प्रकाश यांनी तिथे पुन्हा मोजणी केली, तेव्हा केवढी घसरण झाली आहे ते उघड झाले. जुने आकडे नसते तर गिधाडे कमी दिसतात एवढेच लोक म्हणत राहिले असते. पुढे गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक औषधाशी या घसरणीचा संबंध सिद्ध झाला आणि २००६ मध्ये भारताने त्या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. आज रायगड जिल्ह्यातच म्हसळा तालुक्यात चिरगावच्या रानात गिधाडे जपली जात आहेत.

आता मोजणारे हातही खूप आहेत. भारतातील पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा राष्ट्रीय अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांनी ई-बर्ड या संकेतस्थळावर टाकलेल्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. दीर्घकालीन कल ठरवता आला अशा ३३८ जातींपैकी २०४ जाती घटल्या, असे त्यातून दिसले. हे काम करणाऱ्यांत शिक्षक, विद्यार्थी, निवृत्त कर्मचारी, डॉक्टर असे सगळे होते. पनवेलमध्ये कॅमेरे आणि दुर्बिणी पुष्कळ आहेत. मात्र कॅमेऱ्यातले चित्र समाजमाध्यमावर गेले आणि तारीख, जागा, संख्या कुठेच लिहिली गेली नाही, तर त्या पाहण्याचा पक्ष्याला उपयोग होत नाही.

छायाचित्रकारांनी एक पथ्य मात्र पाळायलाच हवे. तिबोटी खंड्याच्या घरट्यासमोर तासन्‌तास गर्दी करणे, पक्षी पुढे यावा म्हणून मोबाइलवर त्याचाच आवाज वाजवणे, आडोशाच्या फांद्या तोडणे, हे प्रकार वाढले आहेत. पिलांना भरवायला निघालेला पक्षी माणसे हटेपर्यंत घरट्याकडे फिरकत नाही आणि पिले उपाशी राहतात. घरट्याची जागा कुणालाही न सांगणे आणि तिच्यापासून लांब राहणे, एवढा संयम हौशी माणसालाही जमण्यासारखा आहे.

पनवेलला पाणी हवे, रस्ते हवेत, विमानतळ हवा, यात वाद नाही. देहरंगमधला गाळ निघालाच पाहिजे. पण तो काढताना एका बाजूचा उथळ काठ राखता येतो, आणि हिवाळी पाहुणे परतल्यावर, पाऊस येण्याआधीच्या दिवसांत काम उरकता येते. पाण्याचा एक थेंब कमी न करता हे होण्यासारखे आहे.

राज्य सरकारने मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांची सांगड घालून २०२० पासून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह ठरवला आहे. येत्या पक्षी सप्ताहात महापालिकेने देहरंग धरण आणि शहरातल्या सर्व तळ्यांवरची पक्षीगणना स्वतः जाहीर करावी, शाळा-महाविद्यालयांना आणि पक्षिमित्रांना तिच्यात सामील करून घ्यावे आणि निष्कर्ष सर्वसाधारण सभेपुढे ठेवावेत. ती जाहीर होण्याची वाट न पाहता पनवेलकरांनीही आपल्या घराजवळच्या पाण्यावर जाऊन दिसलेल्या पक्ष्यांची नावे, संख्या आणि तारीख आजपासूनच लिहायला घ्यावी.