देव इकडं, नंदी तिकडं

खिद्रापूरला कोपेश्वराच्या देवळात गेलात की एक गोष्ट पटकन लक्षात येते. शंकराचं एवढं मोठं देऊळ, पण समोर नंदीच नाही. नंदी आहे कृष्णाकाठच्याच येडूरला. लोक सांगतात, दक्षाच्या यज्ञाला सती नंदीवर बसून गेली, नंदी तिकडंच राहिला आणि महादेव इकडं कोपून बसले. आजच्या हिशेबानं देव शिरोळ तालुक्यात, म्हणजे महाराष्ट्रात, आणि नंदी चिकोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. 1956 साली रेघ मारताना ना देवाला कुणी विचारलं, ना आपल्या आज्या-पणज्यांना.

मी निपाणी भागातला. आमच्याकडच्या पोरांचं खिद्रापूरला येणं-जाणं असतंच. स्वर्गमंडपात उभं राहून वरच्या गोल उघड्या छतातून आभाळाचा फोटो काढायचा, स्टेटसला टाकायचा, परत फिरायचं. भिंतीवरची अक्षरं मात्र फार थोडे जण बघतात. हे देऊळ शिलाहारांच्या काळातलं. तिथं कन्नड शिलालेख आहेत आणि देवगिरीच्या यादवांच्या सिंघण राजाचा, 1213 च्या सुमाराचा, देवनागरी लिपीतला संस्कृत लेखही आहे. त्यात देवाला गाव दान दिल्याची नोंद आहे. एकाच देवळात, एकाच देवासाठी, दोन्ही लिप्या.

आता भांडण कुठं होतं बघा. कुणीतरी कन्नड लेखाचा फोटो टाकतो आणि खाली लिहितो, "हा बघा पुरावा, ही जमीन आमचीच." मग आपल्यातला कुणीतरी देवनागरी लेखाचा फोटो टाकून उत्तर देतो. दोनशे कमेंट होतात आणि लेखात काय लिहिलंय ते एकालाही ठाऊक नसतं.

मला वाटतं, या भांडणात आपण उतरूच नये. घाबरून नव्हे. आपली बाजूच वेगळी आहे म्हणून. सीमाभागाची मागणी कशावर उभी आहे? खेडं हा घटक, भाषिक बहुसंख्या, भौगोलिक सलगता आणि लोकांची इच्छा. आज इथं राहणारी माणसं कोण, घरात काय बोलतात, त्यांना काय हवंय, हा आपला मुद्दा. 2004 पासून सुप्रीम कोर्टात खटला आहे तो जिवंत माणसांच्या हक्काचा आहे. आठशे वर्षांपूर्वी कुठल्या राजानं कुठल्या लिपीत दान दिलं, यावर तो ठरणार नाही आणि ठरूही नये.

दगडांवरून राज्यं ठरवायची म्हटली तर श्रवणबेळगोळचं काय करायचं? गोमटेश्वराच्या पायाशी मराठीतला प्रसिद्ध जुना लेख आहे, शेजारी कन्नड आणि तमिळही आहे. म्हणून हासन जिल्हा महाराष्ट्राला द्या असं आपण म्हणतो का? नाही ना. मग खिद्रापूरच्या कन्नड लेखानं आपल्याला तरी का कापरं भरावं?

काही दोस्त म्हणतील, असं बोललं की आपली बाजू कच्ची होते. उलट पक्की होते. आपल्या गावात सरकारी कागद मराठीत द्या, फलक मराठीत लावा, ही आपली मागणी. ती न्यायाची आहे. पण येडूरच्या नंदीजवळ मराठी फलक मागायचा असेल, तर खिद्रापूरला कन्नड माहितीही असू दे, हे म्हणायची आपली तयारी पाहिजे. नाहीतर आपण हक्क मागतोय की नुसता सूड, असं समोरचा विचारेल.

17 जानेवारीला आपण हुतात्म्यांना अभिवादन करतो. ती स्मृती आपल्या लढ्याची आहे आणि तिच्याशी तडजोड नाही. पण तेवढंच जपून भागत नाही. आपल्या गावांत मारुतीच्या देवळामागं, पाणंदीच्या कडेला वीरगळ पडलेत. खाली लढाई, मधे वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवपूजा, माथ्यावर चंद्र-सूर्य. कुणीतरी गावासाठी, गुरांसाठी मेला त्याची ती खूण. त्यावर कुणी कपडे वाळत घालतं, कुणी ऑइलपेंट फासतं. 2019 च्या महापुरानं काठावरच्या गावांचं किती नुकसान केलं ते आपण बघितलंय. असा सुटा दगड एकदा गाळात गेला की गेलाच.

म्हणून या सुट्टीत एवढं करा. आपल्या गावातला प्रत्येक वीरगळ, प्रत्येक लेख शोधा. सकाळच्या तिरप्या उन्हात फोटो काढा, जागा आणि तारीख लिहून ठेवा. अक्षरं दिसावीत म्हणून खडू, चुना, रंग काही लावू नका. दगड जागचा हलवू नका. अक्षर कन्नड असेल तर कन्नड येणाऱ्या दोस्ताकडून वाचून घ्या. आपल्यातल्या बऱ्याच जणांना शाळेत शिकल्यामुळं कन्नड येतंच, ते इथं तरी कामाला येऊ दे.

ज्या मातीवर हक्क सांगतो, तिच्यातल्या दगडांची नावं तरी आपल्याला ठाऊक पाहिजेत. मग ती कुठल्याही लिपीत कोरलेली असोत.